सही जुळत नाही

जगात सहीला सर्वांत जास्त मान कुठं असेल तर तो बँकेत. देवळात देवाला असतो त्याहून थोडा अधिकच. देवापुढं माणूस हात जोडतो आणि लगेच चपला शोधायला लागतो. सहीपुढं आमच्याकडं दोन-दोन माणसं चष्मा पुसून बसलेली असतात. तुम्ही स्वतः जातीनं काउंटरवर या, आधार कार्ड दाखवा, पॅन कार्ड दाखवा, हवं तर साक्षीला मातोश्रींना घेऊन या. चेकवर सही नसेल तर तुम्ही नाही. सही आहे, पण तिच्या शेपटीचा पीळ उलटा गेला, तर तुम्ही आहात पण ते तुम्ही नव्हेत! 'मी कोण?' या प्रश्नापायी आपल्याकडं ऋषिमुनींनी आयुष्यं घालवली. आमच्याकडं त्याचं उत्तर एका छापील चिठ्ठीत मावतं : 'सही जुळत नाही.'

हे काम मी बावीस वर्षं करतो आहे. कॉमर्सचा पदवीधर, राष्ट्रीयीकृत बँक, डोंबिवलीची शाखा. पूर्वी आम्हाला क्लार्क म्हणत. हल्ली 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. काम तेच, खुर्ची तीच, खुर्चीचा आखूड पायही तोच. नाव तेवढं लांबलं. पण या धंद्यानं मला एक खोड लावली आहे. कुठलाही कागद हातात आला की माझी नजर आधी खाली, उजव्या कोपऱ्यात जाते. सही कुठं आहे? मग ती औषधाची चिठ्ठी असो नाहीतर मुलाचं प्रगतिपुस्तक असो. (प्रगतिपुस्तकावर माझी सही होती आणि ती मी केलेली नव्हती, हा शोध या खोडीमुळंच लागला. मुलाच्या हाताला वळण चांगलं आहे.)

या खोडीपायीच एके रविवारी सकाळी मी अडचणीत आलो. चहा पीत बसलो होतो. समोर चहाचा पुडा, बिस्किटाचा पुडा, काड्यापेटी आणि मसाल्याचं पाकीट. पाकिटावर एक सुगरण हातात ताट घेऊन कायमची हसत उभी होती. (आमच्या सौ. म्हणतात, "तिला तो स्वयंपाक करावा लागत नाही ना, म्हणून हसतेय.") मी सवयीनं एकेका चित्राचा उजवा कोपरा पाहिला. सही नाही. डावा पाहिला. सही नाही. उलटं करून पाहिलं. वजन, किंमत, कारखान्याचा पत्ता, तक्रारीसाठी फोन नंबर, एवढंच काय पण पुडा कचऱ्याच्या डब्यातच टाका अशी विनंतीसुद्धा होती. चित्र कुणी काढलं ते मात्र कुठंच नव्हतं. म्हणजे बँकेच्या भाषेत हे सगळे बिनसहीचे चेक, आणि तरी पिढ्यान्‌पिढ्या पूर्ण किमतीला वटताहेत!

आता त्या पार्ले-जीच्या पुड्यावरची मुलगीच घ्या. ही मुलगी कोण, यावर आपल्या देशात काय काय चर्चा झाल्या आहेत! कुणी म्हणे ती नागपूरची, कुणी म्हणे ती अमुक बाई लहानपणीची. साठ-पासष्टीच्या बायकांचे फोटो पुड्याशेजारी ठेवून लोकांनी गालांची मापं काढली. शेवटी कंपनीच्याच माणसांनी खुलासा केला, की बाबांनो, ती कुणीच नव्हे. १९६० च्या दशकात एव्हरेस्ट या जाहिरात संस्थेतल्या मगनलाल दैया नावाच्या चित्रकारानं काढलेलं ते चित्र आहे. झालं! चर्चा थंड पडली. म्हणजे जी नव्हतीच तिचं नाव शोधायला सारा देश धावला, आणि जो होता त्याचं नाव सापडल्यावर लोकांनी बिस्कीट चहात बुडवलं.

हे वाचून तुम्ही लोकांना हसू नका. मी हसणार होतो, पण मला एकदम दंतमंजनाची डबी आठवली.

त्याचं असं झालं. आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक पेंटरकाका राहायचे. हे नाव आम्हा पोरांनी ठेवलेलं. त्यांना ते आवडत नसे. "पेंटर भिंती रंगवतो रे. मी कमर्शियल आर्टिस्ट," असं ते सांगायचे. त्यावर आमच्या मजल्यावरचे एक आजोबा विचारायचे, "म्हणजे दुकानांच्या भिंती का?" काका फोर्टातल्या एका जाहिरात कंपनीत नोकरीला होते. जे. जे.त शिकलेले. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये 'कमर्शियल आर्ट' हा विभाग १९३५ साली सुरू झाला आणि १९६१ साली त्याची वेगळी संस्था झाली, हे मला त्यांनीच सांगितलं होतं. पुढं 'कमर्शियल'चं 'अप्लाइड' झालं आणि मराठीत 'उपयोजित'. काका म्हणायचे, "उपयोजित म्हटलं की मला सरकारी योजनेतून कर्जावर मिळाल्यासारखं वाटतं."

रोज सकाळी सात पन्नासच्या लोकलला काका हातात पुठ्ठ्याचं लांबलचक नळकांडं घेऊन निघायचे. डोंबिवलीच्या गर्दीत माणूस स्वतःला सांभाळतो. काका नळकांडं सांभाळायचे. कुणी विचारी, "आत काय, तोफ?" काका म्हणत, "नाही, कोकराचं चित्र." खरोखरच त्या दिवशी ते लोकरीच्या साबणासाठी कोकरू घेऊन चाललेले असत. संध्याकाळी परत आले की खिडकीशी बसून रबर सोल्यूशनच्या वासात त्यांचं दुसरं काम चाले. दिवाळी अंकांसाठी व्यंगचित्रं. मानधनाची मनीऑर्डर आली की ते पोस्टमनला चहा-भजी खाऊ घालीत आणि हिशेब तिथंच पुरा होई.

मी सात वर्षांचा असताना काकांना दंतमंजनाच्या डबीसाठी हसरा मुलगा हवा होता. त्यांनी जिन्यात मला पकडलं, खिडकीत बसवलं आणि दहा-पंधरा मिनिटांत पेन्सिलीनं उतरवलं. माझे पुढचे दोन दात त्या वेळी पडलेले होते. चित्रात मात्र बत्तीशी लखलखत होती. आई म्हणाली, "अहो, हे खोटं नाही का?" काका म्हणाले, "वहिनी, खोटं कसं? येणारच आहेत. मी फक्त अ‍ॅडव्हान्स दिलाय."

ती डबी चारेक वर्षं बाजारात होती. त्या चार वर्षांत मी शाळेत काय भाव खाल्ला! दप्तरात डबी घेऊन जायचो. "हा मी." एका मास्तरांनी तर वर्गासमोर उभं करून दात दाखवायला लावले होते. शेकडो लोकांना मी ती डबी दाखवली असेल. त्यांतल्या एकालाही मी कधी सांगितलं नाही, की हे चित्र अमुक माणसानं काढलं आहे. मुद्दाम लपवलं असं नव्हे. सुचलंच नाही. डबीवर मी होतो, झाकणावर कंपनी होती. तिसऱ्या माणसाला जागाच कुठं होती?

आणि डबीचं सोडा, ती लहानपणची गोष्ट. पुढं तरी काय केलं? ताईच्या लग्नाची पत्रिका : काका, जरा दोन रेघा मारून द्या. गणपतीचा फलक : काका, जरा अक्षरं काढून द्या. बँकेच्या संपाचा बॅनर : काका, जरा मुठी आवळलेल्या दाखवा. या 'जरा'इतका महाग शब्द मराठीत दुसरा नाही. भाजीवाल्याकडं आपण 'जरा' कोथिंबीर वर मागतो तीसुद्धा पैसे देऊन घेतलेल्या भाजीवर. इथं मुळात भाजीच फुकट! बाबा दर वेळी विचारायचे, "काय घेणार?" आणि काका दर वेळी म्हणायचे, "चहा." बाबांना वाटायचं, आपण विचारलं, काकांना वाटत असावं, यांनी फक्त चहाचं विचारलं. काकांचं सारं येणं आमच्या घरानं असं चहात फेडलं, तेही साखर कमी घालून, कारण पुढं त्यांना मधुमेह झाला.

बिल्डिंगच्या दारात भाडेकऱ्यांच्या नावांचा फलक होता, तोही त्यांनीच रंगवलेला. अक्षरं अशी की पोस्टमन क्षणभर उभा राहून बघायचा. अकरा नावं लिहून झाली आणि खाली फळी संपली. बारावं नाव काकांचं स्वतःचं. "बघू, पुढल्या वर्षी नवी फळी करू," म्हणाले. ते पुढलं वर्ष बिल्डिंग पडेपर्यंत आलं नाही.

तर प्रश्न असा : ज्याच्या कामाचा आपण रोज उपभोग घेतो त्याचं आपण काही लागतो की नाही?

हा प्रश्न मी बँकेत जेवणाच्या सुट्टीत टाकला. पोळी-भाजीबरोबर तत्त्वज्ञान चांगलं पचतं असा माझा अनुभव आहे. आमचे हेड कॅशिअर म्हणाले, "पगार घेतला ना त्यानं? विषय संपला. तू नोटा मोजतोस, त्या नोटांवर तुझं नाव असतं का?"

युक्तिवाद बिनतोड होता. मी कॉमर्सवाला असल्यामुळं तो खतावणीत मांडून पाहिला. कंपनी चित्रकाराला पैसे देते, ते 'जाहिरात खर्च' म्हणून नफा-तोटा पत्रकात टाकते आणि एकतीस मार्चला तो खर्च पुसला जातो. चित्र मात्र एकतीस मार्चला पुसलं जात नाही. ते कमावतच राहतं. एअर इंडियाचा तो मिशाळ, वाकून नमस्कार करणारा महाराजा १९४६ साली बॉबी कूका यांच्या कल्पनेतून आणि उमेश राव या चित्रकाराच्या हातून जन्मला. सरकारं बदलली, मालक बदलले, तो वाकलेलाच आहे. अशा चित्राला पुढं नाममुद्रा म्हणतात, तिची किंमत होते, ती अमूर्त मालमत्ता म्हणून विकतासुद्धा येते. एका वहीत खर्च म्हणून मेलेलं चित्र दुसऱ्या वहीत मालमत्ता म्हणून जिवंत! आता न्यायानं बोलायचं तर माल खपला नाही म्हणून चित्रकार आपला पगार परत करत नाही. धोका मालकाचा, म्हणून नफाही मालकाचा. तेव्हा कॅशिअरसाहेबांचं बरोबर आहे. पैशाचं खातं पगारानं मिटलं.

पण नाव हे वेगळं खातं आहे. पैशाच्या खात्यातून नावाच्या खात्यात ट्रान्सफर होत नाही. मोजलेल्या नोटांवर माझं नाव नसतं हे खरं. पण मी पास केलेल्या प्रत्येक व्हाउचरवर माझी आद्याक्षरं असतात. चुकलं तर ती बघून मला बोलावतात. चित्रकाराच्या नशिबी ही अर्धीच सोय आहे. चित्र फसलं तर "आर्टिस्टनं घाण केली", चित्र जमलं तर "प्रॉडक्ट चांगलं चाललं!" दोषाच्या वेळी माणूस आठवतो आणि गुणाच्या वेळी डबी.

आणि हे माझंच डोकं नव्हे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही ही दोन खाती निराळी आहेत. नोकरीत काढलेल्या चित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा. पण हे मी केलं असं म्हणण्याचा कर्त्याचा अधिकार कायदा वेगळा ठेवतो. हक्क विकला तरी तो विकला जात नाही. कायदा म्हणतो, तू म्हणू शकतोस. आता ऐकायला कुणी नसेल तर त्याला कायदा काय करणार?

आमचे तरुण अधिकारी शिकलेले आहेत. ते म्हणाले, "पण सर, अजिंठ्याच्या चित्रकारांनी कुठं सह्या केल्या? खरी कला निनावीच असते." मी गप्प बसलो. मला मोठी वाक्यं ऐकली की गप्प बसायची सवय आहे. उत्तर रात्री सुचलं, जसं सगळ्यांनाच सुचतं. अजिंठ्याच्या चित्राखाली चित्रकाराचं नाव नाही, पण तिथं 'शुद्ध तुपाचे घाऊक व्यापारी, दुकान रविवारी बंद' असंही नाही. निनावीपणा सगळ्यांनी मिळून पाळला तर त्याला वैराग्य म्हणता येईल. एकानं पाळायचा आणि दुसऱ्यानं त्याच जागी आपली पाटी लावायची, याला वैराग्य म्हणत नाहीत. आपल्याकडं कॅलेंडरवरच्या लक्ष्मीची खालची व्यापाऱ्याची पट्टी कापून आपण तिची फ्रेम करतो. व्यापारी गेला, लक्ष्मी राहिली. पण चित्रकाराची बारीकशी सही असलीच तर ती त्या पट्टीबरोबर केरात जाते.

सही टिकवून धरणारे निघाले नाहीत असं नाही. रघुवीर मुळगावकर, दीनानाथ दलाल, दोघेही मूळचे गोव्याचे. घरोघरी त्यांची चित्रं आणि चित्रावर त्यांची सही. दलालांनी तर १९४५ साली स्वतःचा 'दीपावली' अंकच काढला. लोकांच्या अंकाची मुखपृष्ठं करता करता चित्रकार स्वतःच अंकाचा मालक झाला, हा मला त्यांतल्या कुठल्याही चित्राइतकाच देखणा प्रकार वाटतो. पण असे हातावर मोजण्याइतके. व्यंगचित्रकारांचं पाहा. दिवाळी अंक घरात आला की आपण आधी काय बघतो? शपथेवर सांगा. व्यंगचित्रं. पंधरा मिनिटं हसतो, मग गंभीर चेहरा करून कथा वाचायला घेतो आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगतो, "यंदा अंकात वैचारिक मजकूर चांगला आहे." वसंत सरवटे सिमेंट कंपनीत इंजिनिअरची नोकरी सांभाळून चित्रं काढत. पु. लं.च्या पुस्तकांतल्या त्यांच्या रेषेशिवाय ती पुस्तकं आज डोळ्यांपुढं येत नाहीत; पण आपण म्हणतो, 'पु. लं.चं पुस्तक'. शि. द. फडणिसांनी शाळेच्या गणिताच्या पुस्तकांत चित्रं काढली. गणिताच्या पुस्तकात पोरांना हसवणं हे नोबेलच्या तोडीचं काम आहे, आणि किती पालकांनी त्या पुस्तकावर कुणाचं नाव आहे ते पाहिलं?

आर. के. लक्ष्मण यांना जे. जे.नं प्रवेश नाकारला होता ही गोष्ट आता सर्वांना ठाऊक आहे. १९५१ पासून त्यांचा कॉमन मॅन 'टाइम्स'च्या पानावर रोज मुकाट उभा राहिला. पुढं त्याचे पुतळे झाले. पण त्याच लक्ष्मणनी १९५४ साली एशियन पेंट्ससाठी हातात ब्रश धरलेला एक खट्याळ पोरगा काढला. त्या पोराला नाव काय द्यावं यासाठी लोकांची स्पर्धा झाली, बक्षीस ठेवलं गेलं, 'गट्टू' हे नाव ठरलं. हे पोर ज्यांचं ते लक्ष्मण, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. म्हणजे लक्ष्मण यांच्यासारख्या माणसाचीसुद्धा वर्तमानपत्रातली रेघ 'कला' आणि रंगाच्या डब्यावरची रेघ 'कमर्शियल'. हात तोच, शाई तीच. एका कोपऱ्यात सही, एका कोपऱ्यात नाही, एवढाच काय तो कलेतला आणि धंद्यातला फरक!

दूर कशाला, आमच्याच धंद्यात पाहा. स्टेट बँकेचं ते निळं गोल चिन्ह. कुणी म्हणतं कुलपाचं भोक, कुणी म्हणतं अहमदाबादचा कांकरिया तलाव. १९७१ साली राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या शेखर कामत यांनी ते केलं. रुपयाचं चिन्ह तर मी दिवसातून शंभरदा लिहितो. ते डी. उदय कुमार यांचं, पवईच्या आयआयटीत शिकत असतानाचं. सरकारनं स्पर्धा घेतली, १५ जुलै २०१० रोजी चिन्ह जाहीर झालं, अडीच लाखांचं बक्षीस मिळालं आणि मुख्य म्हणजे नाव जाहीर झालं. म्हणजे मनात आणलं तर करता येतं. अगदी सरकारलासुद्धा! मी आमच्या शाखेत विचारलं, रुपयाचं चिन्ह कुणी केलं? चौघांनी रिझर्व्ह बँकेचं नाव सांगितलं, एकानं कॉम्प्युटरचं.

यावर आमच्या तरुण अधिकाऱ्यांनी खिशातून मोबाइल काढला. "सर, आता आर्टिस्टचा प्रश्नच मिटला. चार शब्द टाईप करा, चित्र तयार." त्यांनी टाईप केलं आणि दहा सेकंदांत एक हसरा मुलगा आला. बत्तीशी लखलखत होती. मी विचारलं, "हे यंत्र हे शिकलं कुठं?" ते म्हणाले, "नेटवरची कोट्यवधी चित्रं बघून." मी जन्मात बिनसहीच्या चेकांचा एवढा मोठा गठ्ठा एकदम वटलेला पाहिला नव्हता. कोपऱ्यात पाहिलं. सही अर्थातच नव्हती.

इथवर मी मोठा न्यायाधीशाच्या आवाजात बोललो. आता माझ्याकडून काय झालं ते सांगतो.

हल्ली चेकचा कागद फिरत नाही, त्याची छबी पडद्यावर येते. एका बाजूला छबी, दुसऱ्या बाजूला खातेदाराची नमुना-सही. जुळली तर पुढं, नाही तर परत. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी असाच एक चेक आला. औषधाच्या दुकानाच्या नावे, रक्कम बेताची. नमुना-सही मोठी सुंदर होती, छापल्यासारखी. चेकवरची सही मात्र कोंबडीच्या पायांसारखी. एकेका रेघेला कंप. नावाकडं मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. त्या आडनावाची आमच्या शाखेत दीडशे खाती आहेत. कारण टाकलं : सही जुळत नाही. खात्यातून दंड कापला गेला. मी पुढचा चेक उघडला.

दोन दिवसांनी पेंटरकाका काठी टेकत काउंटरवर आले. वय ब्याऐंशी. बिल्डिंग पडल्यापासून ते मुलाकडं राहायला गेले होते, मी कल्याणला. भेट आठ-दहा वर्षांत नव्हती. मी उठून उभा राहिलो. त्यांनी खिशातून ती चिठ्ठी काढली आणि माझ्यापुढं ठेवली.

चिठ्ठीवर त्यांचं पूर्ण नाव होतं. पंचवीस वर्षं ज्यांच्या हातच्या अक्षरांखाली मी राहिलो, ज्यांच्या कृपेनं सातव्या वर्षी मला बत्तीस दात आले, त्यांचं पूर्ण नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचलं. परवा ते पडद्यावर आलं होतं तेव्हा मला त्यात कुणीच दिसलं नव्हतं. 'पेंटरकाका' असं लिहिलेलं असतं तर कदाचित ओळखलं असतं. पण त्या नावानं खातं उघडता येत नाही.

"काका, हे मीच परत पाठवलं," मी म्हणालो. न बोलतो तरी चाललं असतं. माझी आद्याक्षरं त्यावर नव्हती.

काका हसले. "तुझं काय चुकलं? हात कापतो आता. आणि खरं सांगू का, सही करायची मला जन्मात सवयच नव्हती. अक्षरं सगळी लोकांच्या नावाची काढली."

मी त्यांना आत बसवलं, चहा सांगितला (मला दुसरं काही सुचत नाही, घराण्याची परंपरा आहे) आणि नव्या नमुना-सहीचं कार्ड दिलं. चौकटीत सही करायची. काकांनी माझं बॉलपेन हातात घेतलं, टोक पाहिलं, नाराजीनं मान हलवली आणि मग आपल्याच खिशातलं पेन काढलं. मला एक गिऱ्हाईक आलं म्हणून मी काउंटरकडं गेलो. परत येऊन पाहतो तर चौकटीत सही झाली होती, आणि चौकटीबाहेर, कार्डाच्या कोऱ्या कडेला, एक पोरगा हसत होता. रेघ थरथरलेली, पण पोरगा चुकीचा नव्हता. या वेळी पुढचे दोन दात नव्हते.

"तेव्हा कंपनीला चाललं नसतं," काका म्हणाले.

आमचे अधिकारी येऊन बघून गेले. "सर, कार्ड खराब झालं. स्कॅन होणार नाही. दुसरं घ्या." बरोबरच होतं. काकांनी दुसऱ्या कार्डावर निमूटपणे चौकटीत सही केली. पहिलं कार्ड नियमाप्रमाणं फाडून टाकायचं असतं. चौकटीतली सही मी तेवढी कापून काढली आणि फाडून टाकली. पोरगा असलेली कड ड्रॉवरमध्ये ठेवण्यापूर्वी काकांपुढं केली.

"याच्याखाली सही करा."

"कशाला? हा काय चेक आहे?"

"असू द्या. आम्हाला लागते."

काकांनी बराच वेळ लावला. आधी उजवा कोपरा पाहिला, मग डावा, जसं काही कुठली जागा मोकळी आहे ते त्यांना ठाऊकच नव्हतं. मग खाली उजवीकडं नाव लिहिलं. पूर्ण.

ते गेल्यावर मी सवयीनं ती सही पडद्यावरच्या जुन्या नमुन्याशी लावून पाहिली. मग त्या दिवशीच्या नव्या नमुन्याशी. दोन्हींशी जुळत नव्हती.

मी ती पास केली.